फिर्याद आणि निकाल

आरोप होणें आणि अपराध सिद्ध होणें या दोन निरनिराळ्या गोष्टी होत, हें तत्त्व सुशिक्षितांस नवें नाहीं. परंतु अपराध जितका अघोर, तितका त्याचा विसर लवकर पडतो. ठाणें जिल्ह्यांतील बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर या शेजारच्या शहरांवर २०२४ सालीं असाच कसोटीचा प्रसंग आला.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्यें बदलापूरच्या एका शाळेंत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार पुढें आली. ती नोंदविण्यास पोलिसांकडून विलंब झाला. १७ तारखेस शाळेंतील एका कर्मचाऱ्यास अटक झाली, तरी संताप शमला नाहीं. २० ऑगस्ट रोजीं जमावानें शाळेंत मोडतोड केली आणि बदलापूर स्थानकांत रुळांवर उतरून लोकल गाड्या कित्येक तास रोखून धरल्या. आरोपीस तत्काळ फांसी द्या, अशी मागणी होत होती. मुंबई उच्च न्यायालयानें आपण होऊन या प्रकरणाची दखल घेतली व विलंबाबद्दल पोलिसांस धारेवर धरलें.

न्यायपद्धति म्हणजे आरोपीची ढाल, असा समज रूढ आहे. वस्तुतः तिचा आरंभच पीडिताच्या हितापासून होतो. दखलपात्र अपराधाची खबर मिळतांच ती नोंदविणें पोलिसांस बंधनकारक आहे. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती दडवून ठेवणें २०१२ च्या कायद्यानें शिक्षेस पात्र ठरविलें आहे. म्हणजे बदलापुरांत न्यायपद्धतीचा भंग प्रथम त्या मुलींच्याच बाबतींत झाला, आणि जमावाचा क्षोभ त्यांतूनच भडकला.

या पद्धतीचा दुसरा भाग आरोपीसंबंधींचा. अमेरिकन राज्यघटनेंतील ‘ड्यू प्रोसेस’ हे शब्द भारताच्या घटनेंत असावेत कीं नसावेत, यावर डिसेंबर १९४८ मध्यें घटनासमितींत मोठा वाद झाला. अखेर ‘कायद्यानें प्रस्थापित केलेली कार्यपद्धति’ हे शब्द २१ व्या अनुच्छेदांत कायम राहिले. ही उणीव कांहींशी भरून काढण्यासाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९४९ सालीं आणखी एक तरतूद आणली. तीच आजचा २२ वा अनुच्छेद होय. अटकेचें कारण सांगणें, वकिलाचा सल्ला मिळूं देणें आणि २४ तासांच्या आंत दंडाधिकाऱ्यापुढें उभें करणें, हे सामान्य अपराधाच्या आरोपींस मिळालेले हक्क त्यांतले. पुढें १९७८ सालीं मेनका गांधी यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ही कार्यपद्धति न्याय्य व वाजवीही असली पाहिजे, असा अर्थ लावला.

बदलापूरचा खटला मात्र पुराव्याच्या पायरीवर पोंचलाच नाहीं. २३ सप्टेंबर २०२४ रोजीं आरोपीस तळोजा तुरुंगांतून नेत असतां मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गोळीनें तो मरण पावला. त्यानें पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, म्हणून आत्मसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली, असें पोलिसांचें म्हणणें. त्याच्या दफनास बदलापूर व अंबरनाथ येथें विरोध झाला. अखेर २९ सप्टेंबर रोजीं उल्हासनगरांत, पोलीस बंदोबस्तांत, तें उरकलें. जानेवारी २०२५ मध्यें दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी-अहवालांत पांच पोलीस या मृत्यूस जबाबदार धरले गेले, आणि ७ एप्रिल रोजीं उच्च न्यायालयानें विशेष पथकाकडून तपास करण्याचा आदेश दिला. परंतु हाही अद्याप आरोपच होय. वकील, पुरावा आणि उलटतपासणी यांचा जो हक्क त्या मृतास होता, तोच या पांचांसही आहे.

अनेकांनीं या मृत्यूस न्याय म्हटलें. परंतु आरोपी मरण पावतांच त्याच्यावरील खटला संपतो. तो दोषी ठरत नाहीं व निर्दोषही ठरत नाहीं. ज्या मुलींसाठीं शहर रुळांवर उतरलें, त्यांच्या पदरांत त्याच्याविरुद्धचा निकाल कधींच पडत नाहीं. उलट, २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यांत जिवंत पकडलेल्या कसाबला वकील देऊन खटला चालविला गेला आणि २०१२ सालीं त्याला येरवड्यास फांसी झाली. त्याच खटल्यांत दुसरे दोन आरोपी मात्र पुराव्याअभावीं सुटले. जमावाच्या हातीं निवाडा असता, तर या तिघांत फरक कोणी केला असता?

म्हणून नागरिकांनीं दोन आग्रह एकदमच धरावयास हवेत: फिर्याद त्वरित नोंदली जावी, आणि निकाल न्यायालयानेंच द्यावा. पहिला सुटला तर पीडितास दाद मिळत नाहीं. दुसरा सुटला तर मिळालेली दादही हातची जाते.