हॅम रेडिओचं लायसन्स आलं, कॉलसाइन मिळाला. आता माइकवर बोलायचं काय?

परीक्षा पास झाली, पोलीस व्हेरिफिकेशन झालं आणि बरीच वाट बघायला लावून एकदाचं लायसन्स आलं. त्यावर स्वतःचा कॉलसाइन छापलाय. रेडिओ हातात आहे, बॅटरी फुल चार्ज आहे. फक्त बटण दाबायला अंगठा धजावत नाही.

हे जगभरातल्या नव्या हॅमचं होतं. या भीतीला 'माइक फ्राइट' असं नावच पडलंय. फोनवर समोर एकच माणूस असतो. इथं मात्र त्या फ्रिक्वेन्सीवर कोण कोण कान देऊन बसलंय ते कळत नाही, आणि आपण चुकलो तर सगळ्यांना ऐकू जाणार. मग 'उद्या बघू' म्हणत सेट कपाटात जातो आणि लायसन्स फाइलमध्ये.

कॉलसाइन म्हणजे हॅमचं हवेतलं नाव. भारतातल्या हॅमचा कॉलसाइन सहसा 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतो. रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं लायसन्स असेल तर पुढे ३ येतो, जनरल ग्रेडला २. जनरलसाठी मोर्स कोडची परीक्षाही द्यावी लागते. राजीव गांधी स्वतः हॅम होते, त्यांचा कॉलसाइन होता व्हीयू२आरजी. म्हणजे व्हीयू३ ऐकलं की जुन्या मंडळींना लगेच कळतं, पोरगं नवीन असणार. याचा फायदाच होतो, कारण नव्या माणसाला ते सांभाळून घेतात.

पहिले काही दिवस बोलूच नका, नुसतं ऐका. कोण कधी येतं, बोलणं कसं सुरू होतं, मध्ये किती थांबतात, निरोप कसा घेतात, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा कानांनी लवकर कळतं. 'क्यूटीएच' म्हणजे ठिकाण, 'क्यूएसओ' म्हणजे झालेलं बोलणं, 'क्यूआरएम' म्हणजे दुसऱ्या स्टेशनचा अडथळा. मोर्सच्या काळात लांब वाक्यं टाळण्यासाठी केलेले हे शॉर्टकट आजही बोलण्यात टिकून आहेत. शेवटी 'सेव्हंटी थ्री' म्हटलं जातं, म्हणजे शुभेच्छा.

ऐकण्याच्याच काळात एक काम उरकून घ्यायचं. बहुतेकांचा पहिला सेट हातात मावणारा स्वस्त हँडसेट असतो, आणि खरी गडबड तिथंच होऊ शकते. भारतात हॅमना २ मीटरचा बँड मिळतो १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. पण असे अनेक सेट १३६ ते १७४ पर्यंत कुठंही ट्रान्समिट करू शकतात. समुद्रात जहाजं ज्या चॅनलवर संकटाची हाक देतात तो चॅनल १६ आहे १५६.८ मेगाहर्ट्झवर. म्हणजे चुकून चार बटणं दाबली गेली तर आपली 'हॅलो, टेस्टिंग' कोकण किनाऱ्यावरच्या एखाद्या बोटीच्या मदतीच्या हाकेवर जाऊन आदळू शकते. त्यामुळे आपल्या बँडमधले चॅनल आधी मेमरीत भरून ठेवायचे आणि कीपॅड लॉक करायचा.

सेट कुठून घेतला हेही महत्त्वाचं. ऑनलाइन साइटवर वॉकीटॉकी खेळण्यासारखे विकले जायचे. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने यासाठी गाइडलाइन्स काढल्या, त्याचं कारण हेच. लायसन्स आहे म्हणून बाजारातला कुठलाही सेट चालतो असं नाही, त्यालाही मान्यता लागते.

आता समजा सगळं नीट आहे, तरी सेटमधून नुसती खरखर येते. नव्वद टक्के लोकांना इथं वाटतं की सेट खराब निघाला. (ही टक्केवारी अंदाजपंचे आहे, पण कुठल्याही जुन्या हॅमला विचारून बघा.) सेट बहुधा ठीकच असतो. या फ्रिक्वेन्सीच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. सिमेंटच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये बसून पाच वॉटचा हँडसेट करणार तरी काय? तोच सेट घेऊन सिंहगडावर चढलात तर खालचं अख्खं पुणे ऐकू येण्याच्या टप्प्यात येतं. वॉट वाढवण्यापेक्षा उंची वाढवणं स्वस्त पडतं. गड चढणं होत नसेल तर निदान गच्चीवर जा. सेटसोबत आलेला बोटभर अँटेना काढून साधारण अर्ध्या मीटरचा लावला तरी फरक कळतो.

उंचीचं हेच काम रिपीटर करतो. डोंगरावर किंवा उंच इमारतीवर बसवलेलं हे यंत्र एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतं आणि तेच दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात ऐकवतं. आपल्या भागातल्या रिपीटरची फ्रिक्वेन्सी, दोन्हींमधला फरक आणि लागणारा टोन सेटमध्ये भरला नसेल तर तुम्ही सगळ्यांना ऐकाल, पण तुम्हाला कुणीच ऐकणार नाही. ही माहिती स्थानिक क्लबमध्ये मिळते. रिपीटर चालू आहे का ते बघायला नुसतं बटण दाबून सोडणं मात्र असभ्य समजलं जातं. कॉलसाइन सांगायचा आणि 'टेस्टिंग' म्हणायचं.

पहिल्या बोलण्याला फार काही लागत नाही. कुणाचं चालू असेल तर दोन वाक्यांमधल्या फटीत फक्त आपला कॉलसाइन सांगायचा. बटण दाबल्यावर एक सेकंद थांबायचं, नाहीतर पहिलं अक्षर कापलं जातं. अक्षरं फोनेटिकमध्ये सांगायची, कारण खरखरीत बी, डी, पी, टी सगळे सारखेच ऐकू येतात. 'पुणे'चं स्पेलिंग सांगायचं तर पापा, युनिफॉर्म, नोव्हेंबर, एको. मग नाव, गाव आणि समोरच्याचा आवाज कसा येतोय त्याचा रिपोर्ट. स्पष्टपणा पाचपैकी, जोर नऊपैकी. 'फाइव्ह नाइन' म्हणजे एकदम झकास. काही जण फाइव्ह नाइन देतात आणि पुढच्याच वाक्यात विचारतात, नाव परत सांगता का? असं करू नका, खरा रिपोर्ट द्या. समोरचा आपला अँटेना त्यावरूनच सुधारत असतो.

भाषा इंग्रजीच हवी असं काही नाही, मराठीत गप्पा मारता येतात. पण गाणी वाजवायची नाहीत, धंद्याचं बोलायचं नाही आणि गुप्त भाषेत निरोप द्यायचे नाहीत.

झालेलं बोलणं लॉगमध्ये लिहायचं. वेळ लिहिताना नवे लोक हमखास फसतात. हॅम जगभर यूटीसी वापरतात, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. ५ तारखेला पहाटे ४ वाजता कुणाशी बोललात तर लॉगमध्ये ४ तारीख, २२:३० असं येतं. तारीख चुकली तर समोरच्याच्या लॉगशी मेळ बसत नाही, आणि आठवण म्हणून जे क्यूएसएल कार्ड यायचं ते अडकतं.

हँडसेटवर हात बसला की पुढचं दार एचएफचं. ४० मीटरच्या बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, दिवसा काहीशे किलोमीटर आणि रात्री त्याच्या कितीतरी पुढे बोलता येतं, कारण या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परत जमिनीकडे वळतात. अँटेना म्हणजे दोन बाजूंना साधारण दहा-दहा मीटर तार. सोसायटीच्या गच्चीवर ती बांधायची परवानगी मिळवणं हे परीक्षेपेक्षा अवघड प्रकरण आहे.

रोज ठरलेल्या वेळी एका फ्रिक्वेन्सीवर जमायची हॅम लोकांची पद्धत आहे, त्याला 'नेट' म्हणतात. एक जण कंट्रोल करतो, बाकीचे हजेरी लावतात, हवामान सांगतात आणि जातात. नव्या माणसाला हे कंटाळवाणं वाटतं.

पण डिसेंबर २००४ मध्ये काय झालं ते बघा. भारती प्रसाद (कॉलसाइन व्हीयू२आरबीआय) आणि त्यांची टीम अंदमानात होती, तीही निव्वळ छंद म्हणून. अंदमानातून हॅम स्टेशन क्वचितच चालायचं, त्यामुळे जगभरातले हॅम त्यांच्याशी बोलायला रांगेत होते. २६ तारखेला सकाळी त्सुनामी आली आणि फोन बंद पडले. तेव्हा याच सेटवरून बेटांवरच्या लोकांचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोचू लागले. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतरही हॅम ऑपरेटरांची पथकं तिथं पाठवली होती. एरवी तिसऱ्याचा निरोप पोचवायला हॅमना मनाई असते, पण नैसर्गिक आपत्तीत संपर्क तुटला तर नियमच ती मुभा देतात.

अशा वेळी कंट्रोल स्टेशन एकेकाला बोलावतं. नाव, गाव आणि आकडे एकदाच, हळू आणि स्पष्ट सांगायचे असतात. रोजच्या नेटवर हजेरी लावणारे हेच करत असतात. बहुतेक नेटवर कंट्रोल शेवटी विचारतो, "आणखी कुणी स्टेशन आहे का?" आणि काही सेकंद थांबतो. नव्या व्हीयू३ ने कॉलसाइन सांगायचा तो तेव्हा.