किरणोपचार संपले, तरी फाईल जपा

तोंडाच्या, घशाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगावर उपचारासाठी घोटी-इगतपुरीकडची माणसे नाशिकला जातात, नाहीतर मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात. तिथे अनेकांना किरणोपचार दिले जातात. वस्तीत आपण त्याला ‘लाईट देणे’ म्हणतो. उपचार संपतात, माणूस कामाला लागतो आणि फाईल पेटीच्या तळाशी जाते. पण या किरणांचा एक परिणाम कित्येक वर्षांनी दिसू शकतो. तो होतो रक्तवाहिन्यांवर.

असे का होते?
धमनीला आतून पातळ, गुळगुळीत अस्तर असते. गाठीवर सोडलेले किरण शेजारच्या धमनीलाही लागतात. अस्तर दुखावते, सूज येते, हळूहळू चरबी साचते, भिंत जाड व कडक होते. रक्ताची वाट अरुंद होते. मानेवर किरण दिले असतील तर मेंदूकडे जाणारी धमनी अरुंद होऊन लकवा मारू शकतो. डाव्या स्तनावर दिले असतील तर हृदयाच्या धमन्यांना धोका असतो.

स्वीडन व डेन्मार्कमधील स्त्रियांवरील एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. हृदयाला जितके जास्त किरण लागले, तितका हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसला. हा धोका पहिल्या पाच वर्षांतच सुरू होतो आणि वीस वर्षांनंतरही राहतो.

मग उपचार नाकारायचे का?
मुळीच नाही. कर्करोग अंगावर काढला तर जीव जातो. शिवाय आताच्या यंत्रांमुळे हृदयाला लागणारे किरण बरेच कमी करता येतात. साध्या एक्स-रेलाही घाबरू नका. त्यातले किरण या उपचारापेक्षा लाखो पटींनी कमी असतात.

काय करावे?
• फाईल जपा. कोणत्याही आजारासाठी गेलात तरी डॉक्टरांना आधी सांगा : ‘मला अमुक साली, अमुक जागी लाईट दिली होती.’
• रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल नियमित तपासा.
• मानेवर किरण घेतले असतील तर डॉप्लर सोनोग्राफी करावी का, हे डॉक्टरांना विचारा.
• तंबाखू, मिश्री, बिडी कायमची बंद. किरणांनी दुखावलेल्या धमनीला तंबाखू आणखी बिघडवते.
• तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली किंवा छातीत दाबल्यासारखे दुखले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. लगेच १०८ ला फोन करा.

आज घरातली ती जुनी फाईल शोधा आणि हाताशी राहील अशी ठेवा.