जिथे भराव पडला नाही

घाटकोपरहून मुलुंडकडे पूर्व द्रुतगती महामार्गाने निघालात, की विक्रोळीला उजव्या हाताला, खाडीच्या अंगाला, हिरवा पट्टा सुरू होतो. मुंबईत जिथे जिथे पाणी उथळ होतं तिथे तिथे माणसाने भराव घातला. हे शहर तसंच वाढलं. इथे तो पडला नाही. आणि ही खासगी मालकीची जमीन आहे. गोदरेज अँड बॉईस कंपनीकडे विक्रोळीत सुमारे तीन हजार एकर जमीन आहे आणि तिचा निम्म्याहून मोठा भाग कांदळवनाखाली आहे. इथल्या जमिनीचा भाव मुंबईकराला सांगायला नको. मग एवढी जागा कोणी आणि कशी मोकळी राहू दिली?

त्याआधी तिथे उभं काय आहे ते जवळून बघू. इथल्या तिवराच्या झाडाचं पान हातात धरलं तर त्यावर मिठाचे बारीक कण दिसतात. जिभेला लावलं तर खारट लागतं. मुळं खारं पाणी गाळूनच आत घेतात, तरीही जे मीठ आत शिरतं ते हे झाड पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. चिखलात हवा नाही, म्हणून त्याची श्वसनमुळं पेन्सिलीसारखी सरळ वर येतात आणि ओहोटीच्या वेळी हवा घेतात. कांदळ या दुसऱ्या झाडाचं तर बी झाडावर असतानाच रुजतं. लांब कोंब फुटलेलं रोप खाली चिखलात पडतं. या मुळांच्या जाळ्यात मासे, कोळंबी, खेकडे लहानाचे मोठे होतात, आणि भरतीच्या पाण्याचा जोर इथेच मोडतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि उपनगरं बुडाली. खाडी-नाल्यांकाठची ही झाडं नेमकी काय करतात, हे त्यानंतर पुष्कळ मुंबईकरांना पहिल्यांदा समजलं.

आता माणसांकडे वळू. गोदरेज घराण्याच्या उद्योगाची सुरुवात एका नकारातून झाली. आर्देशीर गोदरेज हे तरुण वकील. १८९४मध्ये एका खटल्यासाठी ते झांजीबारला गेले. आपल्या अशिलाची बाजू पूर्णपणे खरी आहे असं छातीठोकपणे सांगता येईना, तेव्हा त्यांनी ती मांडायला नकार दिला आणि वकिलीच सोडली. मुंबईत परतून तीन हजार रुपये उसने घेतले आणि शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायला घेतली. माल इंग्रज व्यापाऱ्याला पसंत पडला, पण त्यावर 'भारतात बनवलेलं' असा शिक्का मारायला तो तयार नव्हता. आर्देशीर शिक्क्यावर अडून बसले आणि तो धंदाही बुडाला. तिसऱ्या खेपेला, १८९७मध्ये, लालबागच्या एका शेडमध्ये कुलपांचा कारखाना निघाला. पदरी दोन नुकसानं घेतलेल्या माणसाने पुन्हा धंदाच करावा, आणि तोही लोकांच्या विश्वासावर चालणाऱ्या कुलपांचा, याचं मला फार नवल वाटतं.

विक्रोळीची जमीन घेतली ती त्यांचे धाकटे भाऊ पिरोजशा यांनी, १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला. १९५१मध्ये इथल्याच कारखान्यातून पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या बारा लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या बाहेर पडल्या. कारखाने, कामगारांची घरं, शाळा हे सगळं मुख्यतः आजच्या महामार्गाच्या पश्चिमेला वसलं. खाडीकडचा पट्टा तसाच राहिला. १९८५मध्ये त्याच्या देखभालीसाठी आणि अभ्यासासाठी पिरोजशांच्या पत्नीच्या नावाने मरीन इकॉलॉजी सेंटर उभं राहिलं.

आता तारखा शेजारीशेजारी ठेवून बघा. किनारी भागातल्या बांधकामांना आळा घालणारी सीआरझेडची अधिसूचना निघाली फेब्रुवारी १९९१मध्ये. कांदळवनं तोडायला मनाई करणारा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश आला ऑक्टोबर २००५मध्ये. या दोन्हींच्या आधीच्या काळात कांदळवन म्हणजे दलदल, डासांचं घर, भराव टाकून 'सुधारायची' जागा असाच सर्वसाधारण समज होता. आज ती झाडं न तोडणं म्हणजे कायदा पाळणं. १९८५मध्ये तो निर्णय होता. व्यवसायातली नीती शोधायची तर ती या मधल्या वर्षांतच शोधावी लागते.

कायदा आणि दंड आला की सचोटी आपोआप वाढते, असं आपण धरून चालतो. ते तितकं सरळ नाही. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांवर झालेला एक प्रयोग २०००मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला आईवडील उशिरा येत, म्हणून काही पाळणाघरांनी दंड लावला. उशीर वाढला! आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची. आता पैसे मोजले की सुटलो. पुढे दंड काढून टाकला, तरी उशीर पूर्वीइतका कमी झाला नाही. एकदा किंमत ठरली की प्रश्न 'हे करावं का' असा उरत नाही, 'परवडतं का' असा होतो. मुंबईतली कांदळवनं तोडून दुसरीकडे रोपं लावून देण्याचे प्रस्ताव वाचताना मला हा प्रयोग हटकून आठवतो.

ही कुणा साधुसंतांची कथा नव्हे. याच कंपनीने बुलेट ट्रेनसाठी घेतलेल्या विक्रोळीच्या जमिनीच्या मोबदल्यावरून सरकारशी कोर्टात झगडा केला आणि फेब्रुवारी २०२३मध्ये उच्च न्यायालयाने तिची याचिका फेटाळली. जमिनीची किंमत या लोकांना नीट कळते, म्हणून तर कांदळवनाचा निर्णय वजनदार ठरतो. शिवाय तो एकट्यादुकट्याच्या चांगुलपणावर सोडलेला नाही. पिरोजशा १९७२मध्ये गेले. पण गोदरेज अँड बॉईसच्या भांडवलाचा पाव हिश्श्याच्या आसपासचा वाटा धर्मादाय न्यासाकडे आहे आणि वनासाठी पगारी माणसं नेमलेली आहेत. २०२४मध्ये घराण्याची वाटणी झाली, तेव्हा विक्रोळीची जमीन याच कंपनीकडे राहिली. चांगला निर्णय घेणारा मालक अधूनमधून भेटतो. तो निर्णय पुढच्या पिढीला सहजी मोडता येऊ नये अशी सोय करून ठेवणारा क्वचितच, आणि माझ्या मते या गोष्टीतलं खरं कर्तृत्व तेच आहे.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर विक्रोळीच्या वनात जायला आधी परवानगी काढावी लागते. ती जमली नाही, तर खाडीपलीकडे ऐरोलीला वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं केंद्र आहे. मुलांना घेऊन जा, आणि निघण्याआधी ओहोटीची वेळ बघून ठेवा. भरतीला श्वसनमुळं पाण्याखाली जातात.