मेक्सिकोंतील एक सत्र

आमची नात मेक्सिकोस शिकावयास जाणार असें घरांत ठरलें तेव्हां आम्हीं विरोध केला होता, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. ती पुण्यास वास्तुशास्त्र शिकत होती. विद्यापीठांच्या देवाणघेवाणीच्या योजनेंतून सन 2022 च्या ऑगस्टपासून एक सत्र तिला मेक्सिको शहरांतील राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठांत काढावयाचें होतें. आमची हरकत दोन गोष्टींस होती. एक, तिकडचें अन्न; दुसरी, भाद्रपदांतील अविधवा नवमी. जिनें हिला लहानाची मोठी केली त्या आजीच्या श्राद्धास हिनें घरीं असूं नये, हें आम्हांस रुचेना. तरी ती गेली.

कोयोआकान नांवाच्या भागांत एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या घरीं तिची सोय झाली. शहर सुमारें 2240 मीटर उंचीवर असल्यामुळें पहिले कांहीं दिवस जिना चढतांना दम लागे. विद्यापीठांत जावयाचें तें भुयारी रेल्वेनें. ही रेल्वे 1969 सालीं सुरू झाली. वाचतां न येणाऱ्यांचीही सोय व्हावी म्हणून प्रत्येक स्थानकास नांवाबरोबर एक चित्र दिलेलें आहे. कोयोआकानचें चित्र तिकडच्या कोल्ह्यासारख्या प्राण्याचें! जन्मभर मुळाक्षरें गिरवून घेतलेल्या आम्हांस ही युक्ति फार आवडली. व्याख्यानें सारीं स्पॅनिशमध्यें. प्रथम प्रथम निम्मा अर्थ ती फळ्यावरील आकृतींवरूनच लावी. गुण दहांपैकीं, आणि सहास उत्तीर्ण.

वडील माणसानें हांक मारली असतां 'काय?' म्हणणें तिकडे उद्धटपणाचें समजतात; 'मांदे', म्हणजे 'आज्ञा करा', असें म्हणावयाचें. आमच्या घरांत ही चाल केव्हांच मोडली, ती नातीनें परदेशांत उचलली! उपाहारगृहांत जेवणाऱ्या अनोळखी माणसाजवळून जातांनाही 'प्रोवेचो' म्हणतात. आपल्याकडे पंगतींत 'सावकाश होऊं द्या' म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार.

मुख्य जेवण दुपारीं दोन-तीनच्या सुमारास. मका चुन्याच्या पाण्यांत शिजवून, धुवून, दळून त्याच्या पातळ भाकऱ्या करतात. बरोबर घेवड्याची उसळ. हिच्यांत डुकराची चरबी घालण्याची पुष्कळ घरीं वहिवाट आहे, आणि आमची भीति नेमकी तीच होती. हिनें अडखळत सांगतांच बाईंनीं तेलांतली उसळ करावयास सुरुवात केली, आणि तीहि एकट्या हिच्यासाठीं नव्हे, सर्वांसाठीं. एकादशीस ती राजगिऱ्याच्या वड्या खाई. आपला हा उपवासाचा राजगिरा मूळचा तिकडचाच आहे.

सप्टेंबरची 19 तारीख त्या शहरांत भूकंपाची म्हणून ओळखली जाते. 1985 आणि 2017 या दोन्ही सालीं त्याच तारखेस धरणी हादरली होती. म्हणून त्या दिवशीं सर्वत्र बाहेर पडण्याची तालीम घेतात. 2022 सालीं तालीम 12 वाजून 19 मिनिटांनीं झाली, आणि अवघ्या पाऊण तासानें भूकंप खरोखरच झाला. आमच्याकडे तेव्हां रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. नवमीचें श्राद्ध आटोपून आम्ही नुकतेच पडलों होतों. बातमी कळल्यावर तिचा फोन लागेपर्यंतचीं वीस मिनिटें आम्ही आजीच्या तसबिरीसमोर उभे होतों. ती सुखरूप होती, पटांगणांत उभी होती. बाईंनीं मात्र तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. भाषा पुरी येत नसतांही 'मिहा', म्हणजे 'माझ्या लेकी', एवढा एक शब्द आम्हांस फोनवरून ऐकूं आला. अन्नाचा विषय आम्हीं पुन्हां काढला नाहीं.

नोव्हेंबरच्या आरंभीं तेथें पितरांचे दिवस येतात. घरांत चौरंगासारखी मांडणी करून मृतांच्या तसबिरी, मेणबत्त्या, मीठ, पाणी आणि त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवतात. बाईंनीं हिला आजीचें चित्र मागितलें आणि आजीस काय आवडे तें विचारलें. हिनें आम्हांस फोन केला. आम्हीं सांगितलें, मिरचीचा ठेचा. दगडी खलांत तो वाटला गेला. भाकरीच्या जागीं मक्याची भाकरी. बाईंच्या वडिलांच्या शेजारीं आजी बसली.

"आजोबा, एवढ्या लांबची वाट आजीला सांपडेल ना?" तिनें विचारलें.

प्रश्न काय तो बाईंनीं सुरावरून ओळखला असावा. त्यांनीं फोन खालीं वळवून दाखविला. दारापासून चौरंगापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घातलेली होती.