चाळणीत सापडलेला पाऊस

२६ जुलै २००५ चा पाऊस ठाणे-कल्याणच्या बायका विसरणं शक्यच नाही. बचत गटाच्या कामासाठी मी खाडीकाठच्या वस्तीत जाते. जून उजाडला की तिथल्या बायका धान्याचे डबे माळ्यावर चढवतात. परवा एक आजी म्हणाल्या, "आमच्या लहानपणी असं नव्हतं गं. त्याच्याही आधी पाऊस कसा पडायचा, कोणाला ठाऊक?"

ठाऊक आहे, मैत्रिणींनो, समुद्राच्या गाळाला! समुद्रात फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव असतात. बहुतेक रव्याच्या कणाएवढे किंवा त्याहून लहान, पण अंगावर चुन्याचं सुबक कवच. जीव मेला की कवच तळाच्या गाळात रुततं. थरावर थर साचतात. जितका थर खाली, तितका तो जुना.

गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. तिथल्या डॉ. राजीव निगम यांच्यासारख्या संशोधकांनी या कवचांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांची पद्धत वाचून मला आपलं स्वयंपाकघरच आठवलं. लांब नळीने समुद्रतळाचा गाळ काढायचा, त्याचे काप करायचे, बारीक चाळणीवर धुवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशने एकेक कवच टिपायचं. तांदूळ निवडावेत तसंच!

मग ही कवचं बोलू लागतात. नैर्ऋत्येचे मोसमी वारे जोरात वाहिले की ओमानच्या किनाऱ्याजवळ खालचं थंड, पोषक पाणी वर येतं आणि एक ठरावीक जात भरभरून वाढते. तिची कवचं ज्या थरात जास्त, त्या काळी वारे जोरदार. कवचातल्या जड आणि हलक्या ऑक्सिजनच्या प्रमाणावरून पाणी किती गार, किती खारं होतं, याचाही अंदाज येतो. आपल्या किनाऱ्याजवळचा खारटपणा उतरला, म्हणजे नद्यांनी भरपूर पावसाचं पाणी आणलं.

एका दिवसाचा पाऊस मात्र यातून कळत नाही. कळतो तो शतकांचा कल. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी हिमयुगात मान्सून कमजोर होता आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली. पुढे बर्फ वितळलं, समुद्र वर चढला, पण हजारो वर्षं घेऊन. आज माणसामुळे तापणाऱ्या पृथ्वीवर बदलाचा वेग वाढलाय. त्यात खाडीतली तिवरं तोडून आपण भराव घालतो.

आजींना हे सगळं सांगितलं. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "तेव्हा समुद्र पुढे आला की माणसं मागे सरकत असतील. आता आम्ही कुठे सरकायचं?"

या प्रश्नाचं उत्तर काही चाळणीत सापडणार नाही. ते आपल्यालाच शोधायचंय.