मंडळीचा आवाज : मराठी ख्रिस्ती उपासनेतील गायन-नेतृत्व

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील ट्रॉम्बे बाहेरच्या माणसाला भाभा अणुसंशोधन केंद्रामुळे ठाऊक असले, तरी तेथील कोळीवाडा आणि गावठाण त्या केंद्राहून कितीतरी जुने आहे. साष्टी बेटावरील आणि आसपासच्या अशाच जुन्या वस्त्यांमध्ये पोर्तुगीज अमलापासून ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज राहत आला आहे. हा समाज मूळचा उत्तर कोकणातला, बोलीने मराठी आणि पंथाने रोमन कॅथोलिक असून, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्याने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, बाहेरून मुंबईत आलेल्या इतर ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख वेगळी ठेवण्यासाठी घेतले. पुढे अणुशक्तीनगरच्या वसाहतीत देशभरातील कुटुंबे आली, १९७६ साली जनता कॉलनी ही वस्ती उठवून चीता कॅम्प वसवण्यात आला, आणि ट्रॉम्बे-चेंबूरच्या पट्ट्यात अनेक भाषा बोलणारे ख्रिस्ती शेजारी शेजारी राहू लागले. अशा ठिकाणी रविवारच्या उपासनेत गाणे सांगण्यासाठी जो उभा राहतो, त्याला कोणाचे गाणे, कोणत्या भाषेत, कोणत्या चालीवर आणि कशासाठी, हे प्रश्न टाळता येत नाहीत.

उपासनेतील गायन-नेतृत्व म्हणजे जमलेल्या लोकांना एकत्र गाता यावे यासाठी गीत निवडणे, सूर देणे, चाल धरून ठेवणे आणि योग्य वेळी थांबणे. कॅथोलिक चर्चमध्ये हे काम गायनवृंद आणि स्तोत्र सांगणारा गायक मिळून करतात, प्रोटेस्टंट मंडळ्यांत ते पाळकाकडे किंवा पेटी वाजवणाऱ्याकडे असते, आणि नव्या स्वतंत्र मंडळ्यांत त्यासाठी ‘वर्शिप लीडर’ असे वेगळे पदच निर्माण झाले आहे. पदाचे नाव कोणतेही असो, त्या कामाचे माप मंडळीच्या गाण्यात शोधावे लागते; पुढे उभा असलेला कितीही सुरेल गायला आणि बाकावरचे लोक मुके राहिले, तर गायन झाले पण उपासनेचे नेतृत्व झाले नाही, असा निष्कर्ष मराठी ख्रिस्ती परंपरेच्या चार शतकांच्या अनुभवातून निघतो.

शास्त्रातील गवई

बायबलच्या जुन्या करारात हे काम हौशी माणसांवर सोडलेले नाही. ‘१ इतिहास’ या ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात दाविदाने आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या घराण्यांतून परमेश्वराच्या मंदिरासाठी २८८ शिकलेले गवई नेमल्याची नोंद आहे, आणि गुरू-शिष्य असा भेद न करता चिठ्ठ्या टाकून त्यांच्या पाळ्या ठरवल्याचेही तेथेच सांगितले आहे. नव्या करारात करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १४ व्या अध्यायात पौलाने गाणे आत्म्याने आणि बुद्धीनेही व्हावे, असा आग्रह धरला असून, ऐकणाऱ्याला कळत नसेल तर त्याने ‘आमेन’ कसे म्हणावे, असा रोकडा प्रश्न विचारला आहे. शिक्षण हवे आणि कळणारे शब्द हवेत, या दोन अटी अशा प्रकारे आरंभापासूनच घातलेल्या दिसतात.

तिसरी अट पाचव्या शतकाच्या उंबरठ्यावर संत ऑगस्टीन यांनी स्वतःला घातली. ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात, गायिल्या जाणाऱ्या आशयापेक्षा गाणाऱ्याच्या आवाजानेच आपण अधिक हेलावतो तेव्हा ते पाप घडले असे आपल्याला वाटते, अशी कबुली ते देतात. परंतु त्याच संगीताने दुर्बल मनाला भक्तीकडे नेले जाते, हेही ते मान्य करतात आणि चर्चमधील गायनाच्या बाजूने कौल देतात. गोड गळ्याचे सामर्थ्य आणि त्याचा धोका एकाच ठिकाणी असतो, ही जाणीव गायन-नेत्याच्या श्रद्धेचा भाग मानली जाते ती याच कारणाने.

ओवी आणि लदीन

मराठीपुरते बोलायचे तर या इतिहासाचा पहिला मोठा टप्पा गोव्यात येतो. फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांनी आपले बहुतेक आयुष्य गोव्यातील साष्टी प्रांतात घालवले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणश्रवणाची सवय सुटली होती, पण ओढ सुटली नव्हती, हे ओळखून त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात जुन्या कराराची आणि दुसऱ्या भागात येशूच्या चरित्राची कथा आहे, आणि रविवारी व सणांच्या दिवशी चर्चमध्ये त्याचे पठण होत असे. ओवीची चाल कोणाला शिकवावी लागत नव्हती, कारण ती जात्यावर आणि देवळात आधीपासून होती. त्यामुळे ग्रंथ नवा असूनही गळा जुनाच राहिला. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा सोडून देण्याचा हुकूम काढल्यावरही ही ओवी लोकांच्या स्मरणातून गेली नाही.

चर्चच्या आतील मिस्सा, म्हणजे भाकर व द्राक्षारस अर्पण करण्याचा कॅथोलिकांचा मुख्य उपासनाविधी, मात्र लॅटिनमध्येच चालत राहिला. शिकलेला गायनवृंद गात असे आणि बहुसंख्य लोक गुडघे टेकून आपापल्या प्रार्थना पुटपुटत असत. लोकांचा आवाज मोकळा झाला तो चर्चच्या बाहेर, गावठाणातील क्रुसासमोर. मुंबईच्या गावठाणांत रस्त्याच्या कडेला उभे असलेले क्रूस आणि तेथे संध्याकाळी म्हटली जाणारी लदीन हे ईस्ट इंडियन जीवनाचे ठळक अंग आहे. लदीन म्हणजे मरियेच्या आणि संतांच्या नावांची माळ : एकाने एकेक नाव किंवा बिरुद उच्चारायचे आणि सर्वांनी तीच एक छोटी विनवणी पुन्हा पुन्हा म्हणायची. हिला पुस्तक लागत नाही, तालीम लागत नाही. सांगणाऱ्याचा आवाज बेताचा असला तरी चालतो, कारण गाण्याचा भार उत्तर देणाऱ्यांवर असतो.

कीर्तनाची रीत

हीच सांगण्या-उचलण्याची रीत प्रोटेस्टंट मंडळ्यांत कीर्तनाच्या वाटेने आली. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ साली मुंबईत सुरू झाले आणि १८३१ नंतर अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हे त्याचे मोठे केंद्र बनले. आरंभीची गीते बहुतांशी इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि ती पाश्चात्त्य चालींवरच गायली जात. इंग्रजी गीताची घडण आघातावर, म्हणजे शब्दातील जोर पडणाऱ्या अक्षरावर, उभी असते. मराठी पद्य मात्र अक्षरसंख्या किंवा मात्रा मोजते. परक्या चालीत ऱ्हस्व अक्षरावर लांब सूर आला की शब्द ताणला जातो, दीर्घ अक्षर घाईत उरकावे लागते आणि अर्थ गाणाऱ्याच्याच कानाला अनोळखी होतो. अभंगात ही अडचण येत नाही. मोठ्या अभंगाच्या सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांच्या चरणांत सूर लांबवायला मोकळीक असते आणि शब्द जागच्या जागी राहतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर परिसरात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले. कीर्तनकार पूर्वरंगात विषयाचे निरूपण करतो, उत्तररंगात आख्यान लावतो आणि मध्ये मध्ये पद म्हणतो. मागे उभे असलेले झीलकरी ते पद उचलतात आणि हळूहळू श्रोतेही त्यात मिसळतात. येथे विठ्ठलाच्या किंवा रामाच्या आख्यानाच्या जागी उधळ्या पुत्राची किंवा शोमरोनी स्त्रीची कथा आली, पण उपदेश आणि गाणे यांची वीण तशीच राहिली. वक्ता आणि गायक वेगळे नसल्यामुळे गीत प्रवचनाच्या आधी किंवा नंतर चिकटवलेले वाटत नाही.

या प्रवाहाला कवितेची उंची दिली ती रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी चित्पावन घरात जन्मलेल्या टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अहमदनगरला राहून भजने, अभंग आणि कीर्तने रचली. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, ही त्यांची भूमिका त्यांच्या गीतांच्या भाषेतच दिसते : राजा आणि प्रजा या नात्यापेक्षा माउली, सखा, गुरू ही नाती तेथे अधिक येतात. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची दोनशेहून अधिक गीते आहेत. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केले. १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. गाणे रचणाऱ्याने आपल्या जगण्यातून त्या गाण्याची जामीनकी द्यावी, ही अपेक्षा त्यांनी स्वतःबाबत पाळली, आणि गायन-नेतृत्वात श्रद्धेचे स्थान कोणते, या प्रश्नाचे ते मराठीतील सर्वांत स्पष्ट उत्तर आहे.

परिषदेनंतरचा बदल

कॅथोलिक चर्चमध्ये लोकांचा आवाज विधीच्या मध्यभागी आला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. ४ डिसेंबर १९६३ रोजी परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. त्यात लोकभाषांना वाव दिला, सर्व श्रद्धावंतांचा पूर्ण, जाणता आणि सक्रिय सहभाग हे ध्येय ठरवले आणि मिशनच्या देशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीत-परंपरेला उपासनेत मान द्यावा, असे सांगितले. भारतासाठी १९६९ साली अंजलिबद्ध नमस्कार, आरती, जमिनीवर बसणे अशा रूपांना रोमची मान्यता मिळाली. मुंबईच्या उपनगरांत या दिशेने आधीच काम सुरू झाले होते : अंधेरीच्या ज्ञान आश्रमाचे संस्थापक फादर जॉर्ज प्रोक्श यांनी भारतीय रागसंगीत, भजन आणि नृत्य ख्रिस्ती आशयासाठी वापरले, आणि ते ‘गुरू ज्ञानप्रकाश’ या नावानेही ओळखले गेले. १९९८ साली वेगळा धर्मप्रांत झालेल्या वसईत तर मराठी मिस्सा आणि मराठी भक्तिगीते हा रोजचा व्यवहार आहे.

कामाचे नियम

या परंपरेतून आजच्या गायन-नेत्याने काय शिकावे, हे पाहताना पहिला नियम गीतांच्या निवडीचा येतो. मिस्सामधील प्रत्येक गीताला नेमलेली जागा असते : प्रवेशगीत लोकांना एकत्र आणते, दयायाचना आणि गौरवगीत ही विधीचाच भाग असतात, प्रतिसाद-स्तोत्र नुकत्याच वाचलेल्या शास्त्रपाठाला उत्तर देते, अर्पणगीत आणि ख्रिस्तप्रसादाच्या वेळचे गीत त्या त्या कृतीला साथ करते. म्हणून आवडते गीत आधी ठरवून त्याला जागा शोधण्याऐवजी त्या दिवसाचे शास्त्रपाठ वाचून गीत निवडावे लागते. उपवासकाळात, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणापूर्वीच्या चाळीस दिवसांत, आलेलुया गायले जात नाही आणि वाद्ये केवळ गायनाला आधार म्हणून वाजतात. हा संयम पाळला तरच पुनरुत्थानाच्या रात्री परतणाऱ्या आलेलुयाचा आनंद कळतो.

दुसरा नियम पट्टीचा, म्हणजे ज्या सुराला ‘सा’ मानून गायचे त्या सुराचा आहे. तयारीचा गायक आपल्याला शोभणाऱ्या चढ्या पट्टीत गातो तेव्हा बाकावरचे पुरुष दोन ओळींत गप्प होतात आणि वयस्क स्त्रिया केवळ ओठ हलवतात. मंडळीसाठी चाल मध्य सप्तकाच्या आसपास फिरणारी, धृपद छोटे आणि ठेका सरळ असावा. नवे गीत उपासनेपूर्वी काही मिनिटे ओळ सांगून, ओळ उचलून घेऊन शिकवावे, आणि ते रुळेपर्यंत काही रविवार पुन्हा घ्यावे. लोक एकदा गाऊ लागले की ध्वनिवर्धकापासून मागे सरकणे हे नेत्याच्या कौशल्याचेच लक्षण होय.

तिसरा नियम शब्दांचा आहे. उपासनेत गायलेली ओळ प्रवचनापेक्षा जास्त काळ लक्षात राहते, त्यामुळे तिच्यातील देवविषयक विधान तपासून घेण्याची जबाबदारी गायन-नेत्यावर येते. केवळ ‘मी’ आणि ‘माझे’ यांभोवती फिरणाऱ्या गीतांनीच सगळा वेळ भरला, तर पश्चात्ताप, मध्यस्थी, न्याय आणि मृत्यू हे विषय मंडळीच्या तोंडून नाहीसे होतात. ट्रॉम्बेसारख्या बहुभाषिक परिसरात भाषेचा प्रश्नही येथेच सुटतो : कडवी एका भाषेत आणि धृपद सर्वांना येईल अशा दुसऱ्या भाषेत ठेवता येते, आणि लदीनचा नमुना त्यासाठी हाताशी आहेच.

चौथा नियम मौनाचा आहे. शास्त्रपाठानंतर आणि ख्रिस्तप्रसादानंतर शांततेची जागा विधीतच ठेवलेली असून, ती पेटीच्या किंवा कीबोर्डच्या सुरावटीने भरून काढण्याचा मोह गायनवृंदाला आवरावा लागतो.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पेंटेकोस्टल मंडळ्यांतून आणि कॅथोलिक करिश्माई चळवळीतून गिटार, ड्रम्स आणि पडद्यावरील शब्दांसह ‘स्तुती-आराधना’ हा प्रकार मुंबईत सर्वत्र पोहोचला आहे. त्यात जलद उपकारस्तुतीच्या गीतांकडून संथ आराधनेकडे नेत नेता लोकांच्या भावनेला दिशा देतो. तरुणांना यातून मिळणारा उत्साह खरा आहे, आणि छोटे धृपद पुन्हा पुन्हा म्हणण्याची त्याची पद्धत कीर्तनाला परकीही नाही. फरक पडतो तो मंचामुळे : प्रकाश आणि आवाज वादकांवर केंद्रित झाले की मंडळी श्रोता बनते, आणि परिषदेपूर्वीच्या लॅटिन मिस्सामधील मुकेपणा नव्या रूपात परत येतो. हे टाळायचे असेल, तर चर्चने वाद्यांवर खर्च करताना तितकीच तरतूद गायन-नेत्याच्या शास्त्राभ्यासासाठी, मराठी छंदांच्या ओळखीसाठी आणि संपूर्ण मंडळीला गाणे शिकवण्यासाठी करायला हवी. कारण वाद्यवृंद पैसे देऊन उभा करता येतो, पण गाणारी मंडळी शिकवूनच घडवावी लागते.