गुंजाळ्याच्या पोथ्या आणि अक्षरांचे क्रमांक

किनवट तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. नकाशा बदलला, पण गोंडी बोलणारी गावं सीमेच्या दोन्ही बाजूंना राहिली. त्याच आदिलाबादेतल्या गुंजाळा गावात 2006 च्या सुमारास जुन्या हस्तलिखित पोथ्या अभ्यासकांच्या हाती लागल्या. लिपी देवनागरी नव्हती, तेलुगूही नव्हती. ती गोंडीची स्वतःची होती.

पोथीचं पान स्कॅन करून संकेतस्थळावर टाकलं, म्हणजे काम संपलं असं अनेकांना वाटतं. पण संगणकाच्या लेखी ते नुसतं चित्र. त्यातला शब्द शोधता येत नाही, दोन पोथ्यांतले पाठ ताडून पाहता येत नाहीत. त्यासाठी प्रत्येक अक्षराला जगभर मान्य असा क्रमांक हवा. तो युनिकोड देतं. आपल्या ‘क’चा क्रमांक 2325 आहे. म्हणूनच किनवटहून पाठवलेला मराठी मजकूर लंडनमध्येही तसाच उमटतो. जुन्या फॉन्टांतल्या मजकुराची काय दशा होते, हे डीटीपीवाल्यांना विचारा!

गुंजाळ्याच्या या लिपीला, म्हणजे गुंजाळा गोंडीला, हे क्रमांक जून 2018 मध्ये मिळाले, अंकांसह एकूण 63 चिन्हांना. मंगलसिंग मसराम यांनी 1918 मध्ये रचलेल्या दुसऱ्या गोंडी लिपीला ते वर्षभर आधी मिळाले होते. माझ्या मते क्रमांक मिळणं ही पोथ्या सापडण्याइतकीच मोठी घटना आहे.

आता गरज आहे ती पोथ्या वाचून, अक्षर अक्षर टंकणाऱ्या हातांची. आणि प्रत्येक पानासोबत गाव, घराणं, तारीख नोंदवायची. नोंद नसलेलं स्कॅन पुढे कुणाला सापडतच नाही.